फर्स्ट क्लासमधला पलंग

परवा एका लग्नात कोणीतरी मला विचारलं, "तुम्ही तर ट्रॅव्हल एजन्सीत होतात, मग किती देश पाहिलेत?" म्हटलं, "एकही नाही. देश पाहून परत आलेली माणसं पाहिली, तेवढं पुरे झालं." आणि मग बोलता बोलता एक किस्सा निघाला, त्याच्यामागून दुसरा. किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपले साठत जातात, आणि एक काढायला जावं तर चार अंगावर येतात. माझ्या अंगावर येतात ते बहुतेक भीतीचे असतात. कारण त्या ऑफिसात मी नोकरी कमी केली आणि घाबरले जास्त.

ऑफिस नाशकात, रविवार कारंजापासून जवळ, एका दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर. सत्तरचं दशक संपत आलं होतं. माणसं तीन. मालक आप्पा, ज्यांनी आयुष्यात विमान पाहिलं ते फक्त ओझरच्या कारखान्याचं, आणि तेही खालून. काउंटरवर गायकवाड, बी.ए. झालेला, तोंडाने फटकळ आणि डोक्याने थंड. आणि टाइपरायटरवर मी. वडील गेल्यापासून घरात पगार आणणारी मी एकटी, पाठीवर शिकणाऱ्या दोन बहिणी. त्यामुळे ऑफिसचं दार कुरकुरलं तरी मी दचकून उभी राहायचे.

खरी भीती मात्र वरच्या मजल्यावर राहायची. इमारत नानासाहेबांची. काठी टेकत ते जिना उतरू लागले की आप्पा चष्मा पुसायला घेत आणि मी चुकीची अक्षरं टाइप करी. नानासाहेबांना ती जागा जावयाच्या टीव्हीच्या दुकानासाठी हवी होती. कायदा भाडेकरूच्या बाजूने आहे, असं गायकवाड सांगून थकला. आप्पा म्हणत, "कायदा कोर्टात असतो, नानासाहेब जिन्यात असतात."

शिवाय ऑफिसातला फोन नानासाहेबांच्या नावावर होता. त्या काळी फोनसाठी नंबर लावला की मूल शाळेत जायला लागायचं, तरी फोन यायचा नाही. आणि फोनशिवाय ट्रॅव्हल एजन्सी म्हणजे पाण्याशिवाय पाणपोई. जागा गेली असती तर फोन गेला असता, फोन गेला असता तर आप्पा गेले असते, आणि आप्पांच्या पाठोपाठ आम्ही दोघं. ही टांगती तलवार डोक्यावर घेऊनच आम्ही रोज सकाळी कुलूप काढत होतो.

*

आता आप्पांची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातून झालं.

कोणी विमानाचं फर्स्ट क्लासचं तिकीट काढलं की आप्पा त्याचा सत्कार करीत. शाल, नारळ, हार. फोटोग्राफर बोलावून फोटो. आणि मग तो फोटो गावच्या पेपरात, खाली ओळ, 'फर्स्ट क्लासने परदेशगमन'. आप्पांच्या मते ही जाहिरात होती. गायकवाडच्या मते हे संकटाला अक्षत देऊन बोलावणं होतं.

कारण विमान कंपन्या खुर्च्या असतात त्याहून जास्त तिकिटं विकून ठेवत. सगळेच पॅसेंजर आले की पुढच्या, फर्स्ट क्लासमधल्या एखाद्याला उचलून मागच्या स्वस्त वर्गात बसवत. नियम असा, की पुढचं तिकीट काढून मागे बसावं लागलं तर भाड्यातला फरक परत मिळायचा, आणि नेट लावून भांडलं तर वर नुकसानभरपाईही. फक्त पॅसेंजरने स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं की मला मागे बसवलं.

ती सही नाशकात कोणी करायला तयार नसे. हार घालून गेलेला माणूस मागे बसलो म्हणून लिहून देईल कसा?

*

सुरुवात झाली ती त्र्यंबकच्या एका गुरुजींपासून. आफ्रिकेतल्या एका यजमानांनी यज्ञासाठी त्यांना बोलावलं होतं आणि तिकिटाचे पैसेही पाठवले होते, फर्स्ट क्लासचे. आम्ही शाल घातली. कंपनीने त्यांना मागे बसवलं.

गुरुजी परत आले त्या दिवशी आप्पा हात जोडून दारातच उभे राहिले. त्यांना शापाची फार भीती. गुरुजी खुर्चीवर बसले, घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "मागे बसवलं मला. शेजारच्याने दोन वेळा अंडं खाल्लं."

आप्पा कसेबसे म्हणाले, "गुरुजी, यजमानांना काय वाटलं असेल?"

"यजमानांना काय वाटायचंय? मी सगळ्यांत आधी उतरलो."

झालं होतं असं, की विमानाची चाकं टेकल्याबरोबर गुरुजी उठले आणि मोठ्याने स्तोत्र म्हणत थेट पुढच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. एअर होस्टेसची त्यांना अडवायची छाती झाली नाही. दार उघडल्यावर पहिले बाहेर आले ते गुरुजी, आणि खाली यजमान हार घेऊन उभे.

"मागे बसलेल्याने मागूनच उतरावं," गुरुजी म्हणाले, "असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय?"

गायकवाडने भरपाईचा कागद पुढे केला. गुरुजींनी तो दोन बोटांनी परत सरकवला. सही केली तर यजमानांना कळणार, पैसे त्यांचेच होते. "तुम्ही फक्त मौन पाळा," ते उठता उठता म्हणाले. "मोडलंत, तर मग शापाचं बघू."

पुढे कितीतरी दिवस आप्पा ऑफिसात कुजबुजतच बोलत होते. तिकिटाचं भाडं सांगतानासुद्धा.

*

मालेगावचे एक पॉवरलूमवाले शेठ आले, तेच दार लावून घेत. दार लावलं म्हणून मी घाबरले. त्यांनी खिडकीही लावली तेव्हा आप्पा घाबरले.

शेठ म्हणाले, "आप्पासाब, मुझे पीछे बिठाया. कापडाच्या थानाचा शेवट खराब निघाला तर आम्ही पूरा थान वापस घेतो. विमानवाल्यांचा काय रिवाज हाय?"

आप्पांना हायसं वाटलं. चला, एक तरी माणूस हक्काने मागतोय. त्यांनी कागद काढला, गायकवाडने भरला, शेठनी सहीसाठी पेन उघडलं. मग विचारलं, "पैसे कसे येणार?"

"चेकने," गायकवाड म्हणाला.

शेठनी पेनाला टोपण लावलं. "रहने दो. बँकेत बसतो तो माझ्या साल्याचा दोस्त. चेक सकाळी आला तर दुपारपर्यंत अख्खं मालेगाव विचारेल, शेठ, तुम्ही मागे बसले होते काय?"

*

पिंपळगावच्या बापूंची गोष्ट मात्र आम्हाला फार महागात पडली, अर्थात ते कळायला वेळ लागला.

बापू द्राक्षबागाईतदार. परदेशातल्या बागा बघायला निघाले होते. आमच्या सत्काराने त्यांचं समाधान झालं नाही, म्हणून गावाने वेगळा बँड लावला. जाताना बापूंना मागे बसवलं, येतानाही मागेच. आले ते पडलेल्या चेहऱ्याने, आणि एकच बोलले, "मला तुमची भरपाई नगं. फकस्त गावात बोलू नका. लय वाजत गाजत गेलतो मी."

आम्ही नाहीच बोललो. पण गाव गप्प बसतं होय? पारावर लोकांनी बापूंना घेरलं. फर्स्ट क्लास कसा असतो? बापूंनी फर्स्ट क्लासचा पडदा तेवढा पाहिला होता, आणि तोही बाहेरून. त्यांनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं, "पलंग असतो."

"पलंग?"

"गादी, उशी, समदं. झोपून जायचं अन् उठलं की विलायत."

वर्षभराने त्याच गावच्या सोसायटीचे चेअरमन तिकीट काढायला आले. त्यांचा सत्कार झाला, ते गेले, आणि काय नवल, त्यांना फर्स्ट क्लासमध्येच बसवलं. आमच्या हयातीतला हा पहिला सुखरूप पॅसेंजर. आप्पांनी पेढे आणून ठेवले.

चेअरमन आले ते पेढ्यांकडे न बघता काउंटरवर मूठ आपटत. "फसवलंत मला. पलंग कुठं व्हता?"

मी टाइपरायटरच्या मागे झाले. गायकवाडने शांतपणे सांगितलं की पुढच्या वर्गात रुंद खुर्ची असते, ती मागे रेलते, पाय ताणता येतात, पण पलंग नसतो.

"मंग बापूला कसा मिळाला?"

आता काय सांगणार? खरं सांगितलं तर बापू मेले. खोटं सांगितलं तर पलंगाचे पैसे परत करावे लागतील. आप्पा छताकडे बघू लागले. गायकवाड म्हणाला, "बापूंच्या वेळी होता. नंतर काढला."

चेअरमनांची मूठ हळूहळू सुटली. शेवटी पेढा उचलून ते म्हणाले, "मग असं करा. बापूला पलंग अन् मला खुर्ची, हे गावात बरं दिसायचं नाय. मीबी पलंगच होता म्हणून सांगतो."

अशा रीतीने पलंगाला दोन साक्षीदार झाले. दोघंही गावचे मानकरी, तेव्हा उलटतपासणी कोण घेणार? त्या सीझनला द्राक्षांच्या गाड्यांबरोबर पलंगही नाशकात आला आणि पक्का झाला.

*

सही करणारा एकच निघाला. देवळाली कॅम्पातले रिटायर्ड कर्नलसाहेब. त्यांनी शाल घ्यायलाच नकार दिला होता. "नो तमाशा," म्हणाले. फोटोही नाही.

त्यांना मागे बसवल्याचं आम्हाला मुंबईहून आधीच कळलं होतं. परत आल्यावर त्यांची जीप दाराशी थांबली आणि रस्त्यातूनच आरोळी आली, "कहाँ है आप्पा?" आप्पा कपाटामागे गेले. हे शब्दशः सांगते आहे, कपाट भिंतीपासून थोडं पुढे होतं आणि आप्पा बारीक होते.

कर्नलसाहेब आत येऊन आणखी ओरडू लागले. काचा हादरत होत्या. मला एक शब्द कळेना, रडू तेवढं येत होतं. गायकवाड मात्र मान हलवत होता, मधूनच हसतही होता. मग लक्षात आलं की साहेब चिडलेले मुळीच नव्हते. उभी हयात तोफखान्यात गेली होती, कान गेले होते, आणि ते साधी चौकशी करत होते. आप्पांची तब्येत कशी आहे, म्हणून!

त्यांनी विमानतळावरच कागदावर सगळं लिहून घेतलं होतं. आमच्यासमोर ठसठशीत सही केली, आणि यथावकाश त्यांना फरक मिळाला, भरपाईही मिळाली. जाताना त्यांनी गायकवाडला त्याच आवाजात विचारलं, "बाकीचे लोक क्लेम का करत नाहीत?"

गायकवाड त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाला, "साहेब, त्यांनी शाल घेतलेली असते."

कपाटामागून आप्पांनी एक मोठा उसासा टाकला.

*

मुंबईहून ट्रंक कॉल आला की फोन उचलायचा तो गायकवाडने. घंटा वाजली की आप्पा हात मागे घेत आणि म्हणत, "गायकवाड, तू घे. तू कोणाला भीत नाहीस."

"भितो की," गायकवाड म्हणे. "पण पगार त्याचाच आहे."

अशाच एका कॉलवर कंपनीचा मुंबईचा माणूस खुशीत होता. म्हणाला, "तुमचं नाशिक फार सज्जन गाव आहे हो. मुंबईचा पॅसेंजर मागे टाकला तर काउंटर फोडायला उठतो. तुमचे लोक हूं की चूं करत नाहीत. म्हणून आता कोणाला मागे टाकायची वेळ आली, की आम्ही आधी नाशिकचा कोणी आहे का ते बघतो."

गायकवाडने फोन ठेवला आणि आम्हाला हे जसंच्या तसं सांगितलं. आप्पा बराच वेळ शालींच्या गठ्ठ्याकडे बघत बसले. त्यांनी स्वतःच्या हाताने घातलेली एकेक शाल पॅसेंजरला मागे ओढत होती. त्या दिवशी सत्कार बंद झाले.

आणि त्याच आठवड्यात जिन्यात काठी वाजली.

*

नानासाहेबांचा मुलगा लंडनला डॉक्टर. त्याला मुलगा झाला होता आणि नानासाहेब बारशाला निघाले होते. काठी काउंटरवर आडवी ठेवून त्यांनी सांगितलं, "फर्स्ट क्लास. आणि सत्कार कधी ठेवताय?"

आप्पा म्हणाले, "नानासाहेब, सत्कार आम्ही आता बंद केलेत."

"द्राक्षवाल्याला शाल आणि मला नाही?"

पुढे बोलायची सोयच नव्हती. नानासाहेबांनी सत्कार स्वतःच ठरवला, मंगल कार्यालय घेऊन. अर्धं गाव आलं. पिंपळगावचे बापू आले, त्र्यंबकचे गुरुजी आशीर्वाद द्यायला आले. एका शाळेचे हेडमास्तर भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले की आपले पूर्वज बोटीतून समुद्र ओलांडताना कासावीस होत, आपले नानासाहेब मात्र पलंगावर पहुडून तो ओलांडणार आहेत. टाळ्या पडल्या. बापूंनी जरा जास्तच वाजवल्या.

मग नानासाहेब उठले. त्यांनी काठीचं टोक तिसऱ्या रांगेतल्या आप्पांवर रोखलं. "तिकीट या आप्पांनी काढलंय. माझ्या कानावर असं आलंय की काही लोकांना तिथे मागे बसवतात." गुरुजी उपरण्याशी चाळा करू लागले. बापू खाली वाकून चप्पल शोधू लागले. "तेव्हा सगळ्यांनी ऐकून ठेवा. मला मागे बसवलं, तर आल्या पावली यांच्याकडून दुकानाची किल्ली घेईन. आणि फोनही."

लोक हसले, कारण त्यांना ती गंमत वाटली. मी शेजारी बसले होते, मला आप्पांचे दात वाजलेले ऐकू येत होते. बहिणीच्या कॉलेजची फी, आईचं औषध, सगळं त्या काठीच्या टोकावर जाऊन बसलं होतं.

नानासाहेबांच्या विमानातल्या खुर्चीवर नजर ठेवायला आप्पांनी गायकवाडला त्यांच्याबरोबर मुंबईला पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात आम्ही दोघंच होतो. घंटा वाजली. उचलणारा गायकवाड तर पलीकडे होता, म्हणून मीच उचलला.

"बाई," गायकवाड म्हणाला, "आप्पांना आधी बसवा."

मी आप्पांना बसवलं. सांगायची गरजच उरली नाही. मी बसा म्हटल्यावर त्यांनी खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

गायकवाड परत आल्यावर सगळं समजलं. ऐन वेळी कोणी बडा पाहुणा आला, एक खुर्ची हवी झाली. काउंटरवरच्या माणसाने कागद चाळले, नाशिक हे नाव दिसलं आणि त्याचा चेहरा खुलला. गायकवाड नानासाहेबांना म्हणाला, "साहेब, भांडा. इथेच लिहून घ्या, हक्क आहे तुमचा." नानासाहेबांनी तोंड उघडलं. पण काचेपलीकडे नाशिकहून निरोपाला आलेली मंडळी उभी होती, दोन टॅक्स्या भरून. ती हात हलवत होती. नानासाहेबांनी तोंड मिटलं आणि त्यांच्याकडे बघून हात हलवला. मग गायकवाडकडे एकदा पाहिलं आणि काठी टेकत आत गेले.

"काय म्हणाले?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही. तेच तर वाईट."

ते लंडनला होते तोवरचे दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. जावई एकदा येऊन टेपने भिंती मोजून गेला. टीव्ही कुठे मांडायचे, हे आमच्याच टेबलावर वाकून ठरवलं. आप्पांनी माझ्याकडून नव्या फोनसाठी अर्ज टाइप करून घेतला. तो देऊन आले, आणि नंबर कधी लागेल हे ऐकून आले तेव्हा एकदम म्हातारे दिसत होते. मला म्हणाले, "मुली, सातपूरला कारखान्यांत कुठे जागा आहे का बघ." मी बघितलं, कुठे नव्हती. काठी लंडनला होती, पण जिन्यात जरा काही वाजलं तरी आम्ही दोघं एकाच वेळी मान वर करत होतो.

आणि एक दिवस ती खरीच वाजली.

नानासाहेब सकाळी आले होते. गळ्यातला हार अजून तसाच होता. ते जिना उतरून आमच्या ऑफिसात शिरले आणि त्यांच्यामागून माणसंच माणसं. हेडमास्तर होते. जावई होता, हातात टेप. गर्दीत मागे बापूंचा फेटा दिसत होता. ऑफिसात मुंगीला जागा उरली नाही.

आप्पा उठले. त्यांनी उजवा हात पुढे केला. तळहातावर किल्ली होती.

"नानासाहेब, ही..."

हेडमास्तरांनी किल्लीकडे पाहिलं, मग आप्पांकडे. मग सावकाश मान वळवून ते नानासाहेबांकडे बघू लागले. "किल्ली? म्हणजे नानासाहेब, तुम्हाला..."

आता सगळी गर्दी नानासाहेबांकडे बघत होती. नानासाहेब गायकवाडकडे बघत होते. गायकवाड काउंटरवर कोपर टेकून उभा होता, तोंड घट्ट मिटून. मी मान खाली घातली, तर समोर फरशीवर काठीचं टोक आलं. ते थरथरत होतं. इतकी वर्षं मी त्या काठीला भ्यायले होते, ती कोणाला भिताना मी पहिल्यांदा पाहत होते.

"किल्ली कसली देताय, आप्पा?" नानासाहेब म्हणाले. "ठेवा ती खिशात." मग जावयाकडे न बघताच, "टेप गुंडाळा."

आप्पांनी किल्ली खिशात टाकली. गायकवाडने नानासाहेबांसाठी खुर्ची पुढे केली. ते बसले, काठी मांडीवर आडवी घेतली आणि खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

हेडमास्तरांचा चेहरा उजळला. "मग सांगा ना नानासाहेब, कसा होता फर्स्ट क्लास?"

"उत्तम," नानासाहेब म्हणाले. गायकवाडकडे एकवार पाहिलं. "पलंग तेवढा आखूड होता. पाय बाहेर येत होते."

सगळे माना डोलावू लागले. मागून, गर्दीतून, पिंपळगावच्या बापूंचा आवाज आला.

"खरंय. मलाबी आखूडच पडला व्हता."